टेंपोभर निर्माल्य

त्या वर्षी आमचा गणपती बुडाला नाही.

सोडला नाही असं नाही. आरती झाली, प्रसाद झाला, मोठे काका आणि बाबा मूर्ती घेऊन बावखलाच्या पायऱ्या उतरले, 'मोरया' म्हणत तीनदा खाली-वर केली आणि दिली सोडून. पण पाण्यावर त्या जांभळ्या फुलांच्या झाडांचा असा थर धरला होता की बाप्पा त्याच्यावर जाऊन बसले. गादीवर बसावं तसे. उंदीरही बसला. आम्ही सगळे पायऱ्यांवर हात जोडून उभे आणि समोर बाप्पा आमच्याकडे बघत बसलेले. आधी कोणी निघायचं ते ठरेना.

"ढकला जरा," आई म्हणाली.

"देवाला ढकलतात का?" आत्या म्हणाली.

"मग तुम्ही समजावून सांगा त्यांना."

शेवटी बाबा छातीभर पाण्यात गेले, दोन्ही हातांनी झाडं बाजूला केली आणि बाप्पांना कवेत घेऊन स्वतःच खाली गेले. वर आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर एक झाड होतं, फुलासकट. मला हसू आलं. आईनं बघितलं. मग नाही आलं.

बावखल म्हणजे आमच्याकडे वाडीतलं तळं. वसईच्या किनाऱ्याकडच्या वाड्यांत जुन्या लोकांनी ती खणून ठेवलीत. पावसाचं गोडं पाणी त्यात साठतं आणि पुढे उन्हाळाभर केळींना, फुलझाडांना पुरतं. आमचं बावखल आम्हा दोन घरांच्या मधे होतं. अलीकडे आम्ही, पलीकडे मावशी. मावशी म्हणजे सख्खी नव्हे. ख्रिस्ती शेजारीण, पण आईच्या सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त वेळा आमच्या स्वयंपाकघरात असायची.

आमच्या घरात मोठे काका, बाबा, आई, आत्या आणि मी. काका रिटायर होऊन आले होते आणि ऑफिसात जे करायचे तेच घरी करत होते, म्हणजे ओटीवर बसून पेपर वाचायचे आणि दुसऱ्यांचं काम बघायचे. आत्या त्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, वाडीतच राहिली. मोगरा आणि सोनचाफा तिचा. पहाटे उठून फुलं काढायची, पुडे बांधायची, फुलवाल्याकडे पोचवायची. बाकी वाडी घरची, पण मोगऱ्याला हात लावायचा तर तिला विचारून.

मी बारावीला गटांगळी खाऊन घरी होते. ऑक्टोबरला परत बसायचं होतं, त्यामुळे सगळे मला "अभ्यास कर" म्हणायचे आणि काम सांगायचे. मला एकच गोष्ट चांगली यायची, नकला. गुरुजी, चर्चचे फादर, एसटीचा कंडक्टर, शाळेतल्या बाई, कोणाचाही आवाज सांगा. आई म्हणायची, "सगळ्यांचं तोंड चालवतेस, स्वतःचं डोकं चालव." ते वाक्यही मी आईच्याच आवाजात म्हणून दाखवायचे.

तर विसर्जनाच्या संध्याकाळी काकांनी ओटीवर सगळ्यांना बोलावलं.

"ते आता पाणी राहिलेलं नाही," काका म्हणाले. "गणपती वर बसतो म्हणजे जमीनच झाली. मी भरणीवाल्याशी बोललोय. दिवाळी झाली की रस्ता सुकतो, डंपर येतील. बुजवून टाकू. वर चार खोल्या निघतील. नायगावला जाऊन बघा, खाडीकाठी काय इमारती उठल्यात. आणि आपण इथे बेडकं सांभाळतोय."

"आणि माझा मोगरा?" आत्यानं विचारलं.

"नळ येईल."

नळ येणार हे मी जन्मल्यापासून ऐकत होते. विहीर होती, पण आजूबाजूला टँकरवाल्यांनी बोअर मारल्यापासून होळीनंतर तिचं पाणी खारट लागायचं. माणूस प्यायला तर तोंड वाकडं करायचा, मोगरा पानं टाकायचा. बावखल गेलं तर मोगरा गेला, हे सगळ्यांनाच कळत होतं.

"आणि साफ केलं तर?" आत्या म्हणाली.

"गेले तीन महिने काय चाललंय? उपसतोय तेवढं परत येतंय. दिवाळीपर्यंत मला तिथे पाणी दिसलं तर बघू." काकांनी पेपर उघडला. मग पेपराच्या मागून म्हणाले, "आणलं कोणी, तेही बघायला पाहिजे."

आत्या उठून आत गेली.

कारण आणलं तिनंच होतं. आदल्या वर्षी काकांनी मखरासाठी थर्मोकोलचं देऊळ कापलं होतं आणि देवळापुढे परातीत तळं केलं होतं. आत्या नायगावला कोणाच्या तरी बारशाला गेली होती. तिथल्या गटाराच्या पाण्यात ही जांभळी फुलं तिला दिसली. तीन झाडं पिशवीत घालून आणली. देठ कांद्यासारखे फुगलेले, आपली आपण तरंगायची, एवढी छान की काकांच्या मखराला मंडळाचं पहिलं बक्षीस मिळालं. काकांनी स्टेजवर जाऊन भिंतीवरचं घड्याळ घेतलं. विसर्जनाला हार-दुर्वांबरोबर ती झाडंही बावखलात गेली, कारण देवापुढे ठेवलेलं कचऱ्यात टाकायचं नसतं, पाण्यात सोडायचं असतं. मेमध्ये मावशीनं त्यातलीच फुलं नेऊन नाक्यावरच्या माऊलीच्या, म्हणजे मेरीच्या, पुतळ्यापुढे ठेवली होती. तोवर काठाला हातभर हिरवं दिसायला लागलं होतं, आणि पाऊस पडल्यावर ते सगळीकडे झालं. पेपरात वाचून कळलं की ह्याला जलपर्णी म्हणतात.

हे घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी त्यावर बोलत नव्हतं. बाहेरच्यांना आम्ही "पुरात वाहून आलं" असं सांगायचो. आमच्या बावखलात कुठलीही नदी येत नाही. पण बाहेरच्यांनीही कधी विचारलं नाही, चांगली माणसं होती.

दुसऱ्या दिवसापासून आत्या कामाला लागली, म्हणजे आम्ही लागलो.

पहिल्यांदा औषध. दुकानदारानं बाटली काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "हे मारा. पंधरा दिवसांत झाड नाही, गवत नाही, काहीच नाही."

"आणि त्या पाण्यावर मोगरा?" आत्यानं विचारलं.

"काहीच नाही म्हटलं ना," तो म्हणाला. प्रामाणिक माणूस.

मग म्हशी. तबेल्यातला भैया म्हणाला की म्हशी हे खातात, दोन आणून सोडतो. त्यानं सोडल्या आणि दूध घालायला निघून गेला. एका म्हशीनं जलपर्णी हुंगली, तोंड फिरवलं आणि आईचा भाजीचा वाफा खाल्ला. दुसरी बावखलात उतरली, गळ्याइतक्या पाण्यात बसली आणि डोळे मिटले. डोक्यावर जांभळं फूल. ती काही बाहेर येईना. बाबांनी ओढून बघितलं. मावशीच्या मुलानं मागून ढकलून बघितलं. म्हशीनं एकदा कान हलवला, तोही माशीसाठी.

"तू बोलव," बाबा मला म्हणाले.

मी भैयाचा आवाज काढला. "अरे चल महारानी, हुर्र, आ जा, आ जा, टाइम हो गया!" म्हैस ताडकन उठली आणि बाहेर आली. पण नंतर ती माझी पाठ सोडेना. मी ओटीवर गेले, ती ओटीवर आली. काका पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला, म्हशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"ह्यातली बारावीला कोण बसतेय?" ते म्हणाले.

म्हशींचा नाद सुटला. मग राहिली हाताची मेहनत. मावशीच्या मुलानं केळीचे खांब बांबूवर ओवून तराफा केला. तो आणि बाबा तराफ्यावरून मधली जलपर्णी दाताळ्यानं ओढून काठाकडे लोटायचे, मी, आई आणि आत्या ती घमेल्यानं बाहेर काढून बांधावर ढीग घालायचो. वजन असं की विचारू नका. ओल्या गोधड्या न पिळता उचलल्यासारखं. मुळांत गोगलगायी, किडे, एकदा बेडूक. संध्याकाळपर्यंत कोपऱ्यात खाटेएवढं पाणी दिसायला लागलं. काळं, स्वच्छ, त्यात आभाळ. आत्या चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर बसली, टीव्ही बघावा तशी.

पण सकाळी बघितलं तर पाणी परत झाकलेलं, आणि बांधावरचा ढीग कमी झालेला.

"घसरतंय," बाबा म्हणाले. आम्ही ढीग आणखी मागे घातला. तरी तेच. पुढे दोन-चार दिवस तेच चाललं. दिवसभर आम्ही काढायचो, सकाळपर्यंत निम्मं आत. नवरात्र तोंडावर आलेलं. काका ओटीवरून म्हणायचे, "मी सांगितलं होतं." नेमकं काय सांगितलं होतं ते नाही सांगायचे.

एके दिवशी उजाडता उजाडता मला जाग आली. खिडकीतून बघते तर आत्या बांधावर. फुलांची परडी बाजूला ठेवलेली. ढिगातलं एकेक झाड उचलायची, कपाळाला लावायची आणि हळूच पाण्यात सोडायची.

मी तशीच खाली धावले. "आत्या! काय करतेस?"

ती दचकली. मग म्हणाली, "ओरडू नको. दादा उठेल."

"अगं, आम्ही काढतोय आणि तू परत टाकतेस?"

"फुलं आलेलीच टाकते. बिनफुलाचं एकही नाही टाकलं." जणू ह्यानं आमचं समाधान व्हायला हवं. "निर्माल्य आहे ते. गणपतीपुढचं. त्याचीच पिल्लं ही सगळी. बांधावर पडलंय, तुझा बाप त्याच्यावर चपला घालून फिरतो. काल कुत्रा येऊन बसला त्याच्यावर. निर्माल्य पाण्यात जायला पाहिजे."

"मग बावखल बुजेल."

"माहितेय."

"मोगरा जाईल."

"माहितेय गो." आणि ती तिथेच बांधावर बसली. हातात एक झाड तसंच धरलेलं. "दादा म्हणतो आणलं कोणी. आणलं मीच. आता देवाचं उकिरड्यावर टाकू, की मोगऱ्यावर पाणी सोडू? मला दोन्ही जमत नाही. म्हणून थोडं थोडं टाकते."

हे ऐकून मला हसू यायला हवं होतं. तेव्हा नाही आलं. नंतर दुपारी हसले, ते वेगळं.

मावशीला सांगितलं. मावशी व्यवहारी बाई. ती म्हणाली, "एवढंच ना? आमच्यात ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारची झावळं असतात, आशीर्वाद दिलेली. ती काय फेकत नाही. जाळतात, त्याची राख करतात, फादर कपाळाला लावतात. जाळून टाक. माझ्या माऊलीची फुलं पण त्यात आहेत, मी सांगते, चालेल."

आत्याला ते पटलं नाही, पण मावशीला नाही म्हणायची तिची हिंमत नव्हती. मावशीनं स्वतः रॉकेल ओतलं. जलपर्णी पेटली नाही. धूर मात्र असा निघाला की चर्चमागच्या गल्लीतून माणसं बादल्या घेऊन आली. काका ओटीवरून आत गेले, खिडक्या लावल्या, मग खिडकीतून ओरडले, "डास तरी गेले!" मग खोकले. राख मूठभरही झाली नाही. फादर येऊन बघून गेले आणि काही न बोलता गेले. त्यांचं ते काही न बोलणंही मी नंतर काढून दाखवायचे.

दुपारी आत्या आणि मी बांधावर बसलो होतो. धूर अजून येत होता. मी अशीच टाइमपास म्हणून गुरुजींचा आवाज काढला. आमचे गुरुजी आधी घसा साफ करायचे, मग डोळे मिटायचे आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बरं का" म्हणायचे.

"हं. तर निर्माल्य हे जलाशयातच विसर्जित करावं, बरं का. परंतु जलाशय कोणता, असं शास्त्रात सांगितलेलं नाही, बरं का."

आत्या हसली. मग हसायची थांबली. "पुढे?"

मी पुढचं काही ठरवलेलं नव्हतं. पण गुरुजींचं तोंड एकदा लागलं की ते आपोआप बोलायचं. "वाहतं पाणी उत्तम. नदी उत्तम. आणि सर्व नद्या जिथे मिळतात तो समुद्र, तो तर सर्वोत्तम, बरं का. राजोडी आपल्याला जवळ पडते."

आत्या माझ्याकडे वळली. "गुरुजी खरंच असं म्हणतील?"

"म्हणतील."

"नक्की?"

"आत्या, मी त्यांना ओळखते. मी रोज त्यांच्या तोंडानं बोलते."

"मग त्यांना विचारायला नको," आत्या उठत म्हणाली. "उगाच माणसाला त्रास."

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर मावशीचा मुलगा टेंपो घेऊन आला. केळी वाहायचा टेंपो. आम्ही त्यात जलपर्णी भरली, आत्यानं वर हळद-कुंकू टाकलं, मावशीनं क्रूसाची खूण केली, दोन्ही बाजूंनी बंदोबस्त. आणि निघायच्या वेळेला काका धुतलेला शर्ट घालून आले आणि ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन बसले.

"तुम्ही कशाला?" बाबांनी विचारलं.

"बघायला," काका म्हणाले. "कुठवर जाताय ते."

राजोडीला सुरूच्या झाडांतून टेंपो वाळूपर्यंत गेला. होड्या वर ओढलेल्या होत्या, बांबूंवर जाळी वाळत घातलेली. आम्ही टेंपोचा मागचा फाळका उघडतोय तेवढ्यात होडीमागून एक कोळीण उठली. वयानं आत्याएवढी, आवाजानं चौपट.

"ओ! काय आनलंय ते?"

"निर्माल्य आहे," आत्या म्हणाली.

कोळीण टेंपोभोवती एक फेरी मारून आली. "टेंपोभर? किती गनपती बसवता गो तुम्ही?"

"एकच."

"मंग त्याला हार घालता का रान घालता?"

मला हा आवाज लगेच पाठ करायचा होता, पण ती माझ्याकडेच बघत होती.

"आता भरती हाय," ती म्हणाली. "आता सोडाल तर पानी सगलं फिरवून माज्या जाल्यात आनून घालील. ओहोटी लागू दे, मंग त्या तिकडं, खडकापल्याड टाका. तोवर बसा सुरूखाली. आनि काही टाकाल तर मी इथंच हाय."

आम्ही बसलो. काकांनी खिशातून पेपर काढला, तो ते कुठेही न्यायचे. मावशीच्या मुलानं वडापाव आणले. कोळीणही येऊन बसली, वडापाव घेतला, आणि टेंपोकडे बघत बसली. वरच्या थरातली फुलं उन्हात मस्त दिसत होती, हे नाकारता येत नव्हतं.

"फुलं बेस हायत," ती म्हणाली. "एक झाड दे मला. दारात पिंप हाय, त्यात सोडते."

"नको," आत्या म्हणाली.

"का गो? एकच मागते."

"नको म्हणते ना."

"देवाचं म्हनून आनलंस आनि एक द्यायला नको?" कोळिणीचा आवाज चढला. "टेंपोभर दर्यात टाकशील, मानसाला नाही देनार?"

आत्यानं वडापाव खाली ठेवला. "अगं बाई, मी पण असंच नेलं होतं. नायगावहून, तीन झाडं, पिशवीतून. फुलं छान दिसली म्हणून. वर्षात सगळं बावखल गेलं. गणपती बुडाला नाही आमचा. आता दिवाळी झाली की हा माझा भाऊ ते बुजवणार. पाणी गेलं की माझा मोगरा गेला. मग मी सकाळी उठून काय करू, ते मला माहीत नाही." ती उठली, टेंपोतून एक फूल देठाशी तोडलं आणि कोळिणीपुढे धरलं. "हे घे. डोक्यात माळ. झाड नेऊ नको. पाया पडते."

कोळिणीनं फूल घेतलं. अंबाड्यात खोचलं. मग वडापाव चघळत विचारलं, "तुला कुनी सांगितलं होतं आनायला?"

आत्या वाळूकडे बघत राहिली.

"मी," काका म्हणाले.

पेपर तसाच समोर धरलेला होता. पेपरामागून आवाज आला.

"मखरातल्या तळ्यात जांभळं काहीतरी पाहिजे, असं मी म्हटलं होतं. कुठूनही आण म्हटलं होतं."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी मावशीच्या मुलाकडे, तो वडापावकडे. पावसाळाभर काका "आणलं कोणी" म्हणत होते आणि आत्या गप्प होती. घरात सगळ्यांना सगळं माहीत असतं, असं मला वाटायचं. हे माहीत नव्हतं. मी बऱ्याच लोकांचे आवाज काढते, काकांचा तर झोपेतही काढीन. पण तो पेपरामागचा आवाज मला अजून जमलेला नाही.

कोळीण काकांकडे बघत होती. "आनि बुजवनार पन तुमीच?"

"ओहोटी लागली का?" काका म्हणाले.

ओहोटी लागली होती. खडकापलीकडे टेंपो नेऊन आम्ही जलपर्णी समुद्रात सोडली. घमेलं घमेलं करून, आत्या प्रत्येक वेळी हात जोडायची. लाटा ती ओढून नेत होत्या. बाबांनी सवयीनं आरोळी दिली, "गणपती बाप्पा," आम्ही "मोरया" म्हटलं, आणि मग सगळे एकदम थांबलो. पुढचं वाक्य कोणाच्या तोंडातून येईना.

मावशीचा मुलगा लहानपणापासून आमच्या विसर्जनाला येणारा. त्याला वाटलं आम्ही विसरलो. त्यानं छाती भरून आवाज दिला, "पुढच्या वर्षी लवकर या!"

"मेल्या, गप!" आत्या ओरडली.

खाऱ्या पाण्यात ही वनस्पती मरते हे आम्हाला फार नंतर कळलं. तेव्हा आम्ही फक्त पुण्य करत होतो.

येताना काका पुढे बसले नाहीत. मागे फाळक्याला टेकून उभे राहिले, आत्याच्या बाजूला. एकदा खड्डा आला तेव्हा काकांनी तिचा दंड धरला आणि खड्डा गेल्यावर सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बांधावर गेलो तर काका आधीच तिथे. पट्ट्यापट्ट्याची चड्डी, अंगात बंडी, हातात दाताळं. त्यांचे पाय मी पहिल्यांदाच बघितले, पांढरे, पालीसारखे.

"ढीग पाण्यापासून लांब घालायचा," ते म्हणाले, "आणि कोणी परत आत टाकायचा नाही." आत्याकडे न बघता पुढे म्हणाले, "टेंपो रविवारी येईल. तोवर त्याच्यावर ताडपत्री घाला. कुत्रा बसायला नको."

मग काकांनी ऑफिस लावलं. बावखलाचे चार भाग पाडले, दोरी बांधून. एका भागातलं शेवटचं पान निघाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. साफ झालेल्या भागात एखादं पिल्लू तरंगत आलं तर ते कोणाच्या भागातून आलं ह्याची चौकशी. मावशी पलीकडून ओरडायची, "भाऊ, हे तुमच्याकडचं!" काका म्हणायचे, "वारा तुमच्याकडून आहे!" रोज असं भांडण व्हायचं आणि रोज पाणी वाढायचं. माझी परीक्षा मधेच झाली. पेपराला गेले तेव्हा नखांत चिखल होता. पास झाले, कशी ते मलाही माहीत नाही.

रविवारी टेंपो राजोडीला जायचा. तिसऱ्या खेपेला कोळिणीनं टेंपोत एक जुनं जाळं टाकून दिलं. "हातानं कवर काढशील गो," आत्याला म्हणाली. "फाटलंय, पन पाला धरील."

दिवाळीला पाडव्यापर्यंत एकच भाग उरला होता, मधला, सगळ्यात खोल. भाऊबीज झाली आणि दोन दिवसांनी भरणीवाला आला. पांढरा शर्ट, काळा चष्मा, बगलेत चामडी पाकीट, मोटरसायकल वाडीच्या तोंडाशी लावून टेप घेऊन आला. जागा मोजायला.

आम्ही तेव्हा जाळं ओढत होतो. आमच्या काठावर एक टोक, मावशीच्या काठावर एक, आणि मधे सगळी जलपर्णी एकत्र येऊन फुगलेली. आमच्या टोकाला काका एकटे, तोंड लाल झालेलं.

"नमस्कार शेठ," भरणीवाला म्हणाला. "मी म्हटलं, एकदा माप..."

"आलात ते बरं झालं," काका म्हणाले. "हे टोक धरा."

"मी?"

"मग कोण? लवकर. सुटेल."

माणसाला असं कोणी सांगितलं की तो धरतो. त्यानं पाकीट आणि चष्मा माझ्याकडे दिला, चपला काढल्या आणि टोक धरलं. "ओढा म्हटलं की ओढायचं," काकांनी सांगितलं. ओढलं. पाय घसरून तो कमरेपर्यंत आत गेला, पण टोक सोडलं नाही, हे मान्य करावं लागेल. दुपारभर तो होता. मधेच त्यानं स्वतःहून सल्ले द्यायला सुरुवात केली, "खालून घ्या, खालून, मुळं धरा." मावशीनं त्याला पलीकडून शाबासकी दिली. आईनं भजी आणून दिली, ती त्यानं चिखलाच्या हातानं खाल्ली.

उन्हं कलली तेव्हा शेवटचा लोंढा बांधावर आला आणि बावखल मोकळं झालं. इकडून तिकडपर्यंत पाणी. आम्ही सगळे ओले, दमलेले, बघत उभे. एक खंड्या कुठून तरी येऊन पलीकडच्या बांबूवर बसला.

भरणीवाल्यानं शर्ट पिळला. "बरं शेठ," तो म्हणाला, "मग गाड्या कधी पाठवू?"

"कशाच्या?"

"मातीच्या. भरणीच्या."

"कुठे टाकणार?" काकांनी विचारलं.

त्यानं बावखलाकडे बोट केलं. "ह्याच्यात."

"ह्याच्यात पाणी आहे," काका म्हणाले. त्याला दिसलं नसेल म्हणून सांगावं, तसं.

"पाण्यातच टाकतात शेठ भरणी."

"ती दुसऱ्यांच्या," काका म्हणाले.

भरणीवाला काकांकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी त्याला चष्मा आणि पाकीट परत दिलं. आत्या आत गेली, काकांचं धुतलेलं धोतर घेऊन आली आणि त्याच्या हातात दिलं. "पँट बदला, गाडीवर वारा लागेल," त्याला म्हणाली. मग मला म्हणाली, "जा, मोटर लाव गो. मोगऱ्याला पाणी सोडते."